व्याल्यावर पोट सरकतं, पण त्याची सुरुवात दोन महिने आधी होते

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची होल्स्टीन संकरित गाय तिसऱ्या वेताला व्याली, त्याला बारा दिवस झाले. पहिले चार-पाच दिवस ती सोळा लिटरपर्यंत आली आणि मग उतरत उतरत सातवर आली. आंबोणाला, म्हणजे खुराकाला, तोंड लावत नाही, पण पेंढा थोडाफार ओढते. ताप नाही. डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून, टिचक्या मारून ‘चौथं पोट डावीकडं सरकलंय, ऑपरेशन करावं लागेल’ असं सांगितलं. सासऱ्यांचं म्हणणं, गाईला दोरीने पाडून लोळवली की पोट जागेवर बसतं. शेजारी म्हणतात, विकून मोकळ्या व्हा. गोठ्यात दुसरी गाय साडेसात महिन्यांची गाभण आहे, तिचंही असंच होईल का, ही खरी धास्ती.

ताई, आधी आजारी गाईचं बघू. ऑपरेशन करून घ्या आणि लवकर करून घ्या. गाय उभी ठेवूनच, कुशीवरची जागा बधिर करून ते करतात. पोटातला वायू काढून ते जागेवर आणतात आणि परत सरकू नये म्हणून टाके घालून बांधून ठेवतात. बारा दिवसांची गाय, अजून पायावर उभी, डोळे फार खोल गेलेले नाहीत, अशी केस बहुतेक वेळा चांगली सुधारते. बऱ्याच गायी दोन-तीन दिवसांत आंबोण मागायला लागतात. एकदा नीट बांधलेलं पोट पुढच्या वेताला सहसा सरकत नाही, त्यामुळे तिसऱ्या वेताची चांगली गाय या एका कारणासाठी कवडीमोलाने विकू नका. पण आठवडाभर आणखी वाट पाहिलीत तर गाय सुकेल, यकृतावर चरबी साचेल आणि मग ऑपरेशन उत्तम होऊनही गाय उभी राहणार नाही. तशा गायी मी गमावल्या आहेत.

सासरे सांगतात ते अगदीच चुकीचं नाही. गाईला उजव्या कुशीवर पाडायची, पाठीवर घ्यायची, पाय आभाळाकडं असताना दोन-चार मिनिटं हलकेच डोलवायची आणि मग डाव्या कुशीवर घेऊन उठवायची. वायू भरलेलं पोट पाण्यातल्या फुग्यासारखं वर तरंगतं, गाय उताणी असताना ते मधोमध येतं आणि सुटतं. मी स्वतः हे अनेकदा केलंय. पण निम्म्याहून अधिक गायींचं पोट काही दिवसांत परत सरकतं, कारण त्याला जागेवर धरून ठेवणारं काही आपण केलेलंच नसतं. आणि पोट उजवीकडं सरकलेलं असेल तर लोळवणं जिवावर बेतू शकतं. उजवीकडचं पोट स्वतःभोवती पीळ खातं, रक्तपुरवठा तुटतो आणि गाय झपाट्याने दगावते. म्हणून कुठल्या बाजूचं आहे हे डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही.

आता हे होतं कसं ते सांगतो. ते समजलं की दुसऱ्या गाईचं काय करायचं हे तुम्हालाच सुचायला लागेल.

गाईच्या पोटाचे चार कप्पे. डावी कूस जवळजवळ सगळी भरून बसलेलं कोठीपोट, पुढं जाळीपोट, मग पडदेपोट आणि शेवटचं खरं जठर, म्हणजे आपल्या माणसांच्या जठरासारखं आम्ल सोडणारं चौथं पोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या वर माल मावतो. चौथं पोट त्या मानाने लहान, पोटाच्या तळाशी, मध्यापासून जरा उजवीकडं, आणि पातळ पडद्याने सैलसर टांगलेलं. ते कशालाही घट्ट बांधलेलं नाही, ही मूळ गोष्ट.

गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भपिशवी वाढते, कोठीपोटाच्या खाली शिरते आणि त्याला उचलून धरते. खाली जी फट होते तिच्यातून चौथं पोट पुढं आणि थोडं डावीकडं ढकललं जातं. गाय व्याली की तीस-पस्तीस किलोचं वासरू, पाणी, वार हे सगळं बाहेर पडतं आणि पोटात एकदम पोकळी होते. कोठीपोट चाऱ्याने गच्च भरलेलं असेल तर ते आपल्या वजनाने खाली बसतं आणि फट मिटवतं. ते अर्धं रिकामं असेल तर फट उघडीच राहते. त्याच वेळी रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं, त्यामुळे पोटाच्या भिंतीतले स्नायू ढिले पडतात आणि आतला माल पुढं सरकत नाही. वर भरपूर खुराक पडलेला असला की वायू धरतो. मग ढिलं, फुगलेलं चौथं पोट कोठीपोट आणि डाव्या बरगड्यांच्या मधून वर चढतं आणि तिथंच अडकतं.

म्हणजे भरलेलं कोठीपोट हाच चौथ्या पोटाचा राखणदार. बाकी सगळे उपाय शेवटी या एकाच गोष्टीसाठी आहेत, की व्यायच्या आधी आणि नंतर गाईने एकही दिवस पोटभर लांब चारा खायचा सोडू नये.

ज्यांचं पोट सरकतं अशा दहांतल्या आठ-नऊ गायींना हा आजार व्याल्यावर पहिल्या महिन्यातच होतो, आणि डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा. आपल्या आजोबा-पणजोबांकडं या आजाराला नावच नव्हतं. वैद्यकशास्त्रातही त्याची नोंद १९५० च्या आसपासची, दुधाळ गायींचे मोठे कळप वाढले तेव्हाची. आपली गावठी गाय, कोकण कपिला म्हणा, दोन-तीन लिटर देणारी, अंगाने आटोपशीर, दिवसभर सड्यावर आणि कातळावर फिरून चरणारी. तिचं पोट सरकलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. खोल पोटाची, पंधरा-वीस लिटरची संकरित गाय आपण जांभ्याच्या छोट्या गोठ्यात आणून दाव्याला बांधली, तिला चारा मात्र गावठी गाईचाच ठेवला, आणि कमी पडतं ते आंबोणाने भरून काढलं. आजार तिथून आला.

माझी एक केस सांगतो. ती मला तीस वर्षांनंतरही टोचते. लांज्याकडची गाय, व्याल्याला नऊ दिवस. मूत्रात कीटोन आले म्हणून मी कीटोसिस, म्हणजे खाणं कमी पडून अंगातली चरबी वितळली की होणारा आजार, धरला आणि ग्लुकोज लावलं. गाय दुसऱ्या दिवशी बरी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. परत ग्लुकोज. असे पाच दिवस गेले. घरातल्या आजी रोज तेच सांगत होत्या, ‘‘डॉक्टर, ती आंबोण हुंगते आणि तोंड फिरवते, पेंढा मात्र ओढते.’’ पाचव्या दिवशी पाऊस कोसळत होता, गोठ्यात काही ऐकू येईना, म्हणून गाईला घराच्या पडवीत घेतली. डाव्या बाजूला शेवटच्या तीन-चार बरगड्यांवर स्टेथोस्कोप धरला आणि शेजारी बोटाने टिचकी मारली. टण्ण! रिकाम्या हंड्यावर नाणं टाकल्यासारखा आवाज. तीन इंच खाली सरकलो, आवाज बंद. परत वर आलो, परत टण्ण. कीटोसिस होताच, पण तो सरकलेल्या पोटाच्या सोबतीला आलेला होता. पाच दिवस मी पाहुण्यालाच औषध देत होतो. तेव्हापासून व्यालेली कुठलीही गाय खाईना म्हटलं की मी दोन्ही कुशींना टिचकी मारल्याशिवाय हात धूत नाही.

आजींनी जे पाहिलं तेच तुम्हीही पाहिलंत. खुराक नको, पेंढा चालेल, ही पहिली खूण. बाकीच्या खुणा हळूहळू दिसतात. शेण थोडं, काळपट, चिकट आणि चकचकीत. श्वासाला आणि दुधाला फार पिकलेल्या फळासारखा गोडसर वास. मागून बघितलं तर डाव्या बरगड्या बाहेर आल्यासारख्या, पण त्यांच्यामागचा खळगा आत गेलेला. अंगावर ताप बहुधा नसतो, थर्मामीटर १०१ ते १०२ फॅरनहाइट दाखवतं. ताप जास्त असेल तर गर्भाशयात पू झालाय का, कास सुजून दगडासारखी झालीय का हे बघायला हवं. आणि गाय पाठ कमानदार करून, कोपरं बाहेर काढून उभी राहत असेल, बसताना कण्हत असेल, तर जाळीपोटात तार किंवा खिळा गेल्याचा संशय घ्या. घराचं बांधकाम चालू असेल तर हमखास.

एक कळकळीची विनंती. कुशी फुगल्यासारखी दिसली म्हणून कुणाला सुई किंवा नळी खुपसू देऊ नका. चौथ्या पोटाला भोक पडलं तर आम्ल आत सांडतं आणि गाय हातची जाते. बाटलीने तेल, ताक, सोड्याचं पाणी जबरदस्तीने पाजणंही थांबवा. मान वर करून पाजताना ठसका लागला की ते फुप्फुसात जातं. अशा न्यूमोनियाने मेलेल्या गायी मूळ आजारात वाचल्या असत्या. डॉक्टर लांब असतील तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची मदत मागता येते.

आता दुसरी गाय. तुम्ही लिहिलंय, साडेसात महिने भरलेत तरी चार लिटर देते म्हणून दूध काढताय. आजपासून आटवायला घ्या. गाय सव्वानऊ महिन्यांनी विते, म्हणजे हातात पन्नास-साठ दिवस उरलेत, आणि तेवढे दिवस कासेला आणि अंगाला विसावा लागतोच. आंबोण बंद करा, दूध काढण्याची एक वेळ गाळा, मग दोन्ही, आणि कास आटताना सडात सोडायचं औषध डॉक्टरांकडून घालून घ्या. त्या चार लिटरच्या पैशांचा मोह धरू नका.

मग तिच्या अंगाकडं बघा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे खळगे चरबीने भरून गेले असतील, बरगड्या बोटाने दाबूनही लागत नसतील, तर गाय जास्त लठ्ठ आहे. लठ्ठ गाय व्यायच्या आठवड्यात खाणं टाकते, अंगातली चरबी वितळवते, कीटोसिस होतो आणि पोट सरकतं. पण लठ्ठ दिसली म्हणून आता तिला उपाशी ठेवू नका. भाकड काळात वजन उतरवणं हे वजन चढवण्यापेक्षा वाईट. अंगाचा हिशेब दुधात असतानाच, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बघायचा असतो. बरगडी दाबल्यावर लागावी, पण लांबून दिसू नये, ही खूण लक्षात ठेवा.

चाऱ्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण कोकणात घोळ इथंच आहे. आपल्याकडं वर्षभराचा आधार म्हणजे उडवीतला भाताचा पेंढा, भात्याण. त्यात प्रथिनं नावापुरती, वाळूसारखी सिलिका भरपूर, आणि ऑक्झलेटं असतात ती कॅल्शियमला धरून ठेवतात, गाईच्या अंगी लागू देत नाहीत. आपली जांभ्याची जमीन आंबट, तीन-तीन हजार मिलिमीटर पावसाने धुतलेली. तिच्यात चुना कमी, म्हणून तिथल्या गवतातही कमी. हे सगळं खरं असलं तरी पेंढ्याला शिव्या देऊ नका. लांब धाग्याचा चारा म्हणून तोच कोठीपोट भरून ठेवतो, त्याच्यामुळेच रवंथ होतो. त्याला जोड हवी, पर्याय नको. उन्हाळ्यात शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया साधारण पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा आणि प्लॅस्टिकखाली घट्ट दाबून तीन आठवडे ठेवा. त्याने पेंढा मऊ होतो आणि प्रथिनंही वाढतात. मापात गडबड करू नका, वासरांना घालू नका, आणि पावसाळ्यात तर करूच नका, बुरशी धरेल.

पावसाळ्यातला धोका वेगळा. आत्ता बांधावर कोवळं गवत लुसलुशीत आलंय, गाय आवडीने खाते, आपल्याला वाटतं पोट भरलं. त्या गवतात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी. पन्नास किलो गवत खाल्लं तरी कोरडा माल जेमतेम आठ-नऊ किलो, आणि तोही लवकर विरघळणारा. पोट भरल्यासारखं दिसतं आणि दोन तासांत रिकामं होतं. म्हणून जून ते सप्टेंबर हिरव्याच्या आधी, सकाळी आणि रात्री, गव्हाणीत कोरडा पेंढा पडलाच पाहिजे. कुट्टी मशीनवर अगदी बारीक भुगा करू नका, दोन-तीन बोटं लांब तुकडा राहू द्या. भुगा रवंथ करायला लावत नाही.

गोठ्याचं मूत-पाणी सोडून वाढवलेला नेपियर शेवटच्या तीन आठवड्यांत गाभण गाईला कमी घाला. अशा गवतात पोटॅशियम फार असतं आणि ते व्याल्यावर हाडांतून कॅल्शियम निघायला अडथळा करतं. याच कारणाने शेवटच्या महिन्यात रोज कॅल्शियमची बाटली पाजायची पद्धतही बंद करा. प्रेमापोटी करतात, मला कळतं. पण बाहेरून आयतं मिळत राहिलं की शरीर हाडांतून काढायची सवय सोडतं, आणि व्याल्यावर चिकात एकदम कॅल्शियम जायला लागलं की गाय ढेपाळते. ती बाटली व्याल्यानंतर द्या, पहिल्या बारा तासांत एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, गाय उभी आणि नीट गिळणारी असेल तरच. मोठ्या दुधाच्या गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत देण्याचे खास क्षार मिळतात. ते मूत्राची आम्लता तपासत द्यायचे असतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

आंबोण. व्यायच्या तीन आठवडे आधी एक किलोने सुरू करा आणि व्याईपर्यंत अडीच-तीन किलोवर न्या. कोठीपोटातल्या जंतूंना खुराकाची सवय व्हायला एवढे दिवस लागतात. व्याल्यावर रोज पाव किलोने वाढवा, त्याहून घाई नको. आपल्याकडं गाय व्याली की दूध फुटावं म्हणून भाताची पेज, शिजवलेला भात, कणी, गूळ असं टोपभर घालतात. पातळ पेज दोन-तीन लिटर ठीक आहे. शिजलेला भात मात्र कोठीपोटात झटकन आंबतो, आम्ल वाढतं, गाय चारा टाकते, आणि राखणदार गेला की पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याऐवजी व्याल्याबरोबर कोमट पाण्याच्या दोन मोठ्या बादल्या, मूठभर मीठ आणि थोडा गूळ घालून पुढ्यात ठेवा. तहानलेली गाय वीस-तीस लिटर घटाघट पिते, आणि रिकामी झालेली जागा पाण्याने का होईना, लगेच भरते. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तुमची ही गाय नेमकी गणपतीच्या सुमारास व्यायची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, उरलेला भात, मोदकांची उकड, पुऱ्या सगळं गोठ्यात जातं. दर वर्षी विसर्जनानंतरच्या आठवड्यात मला आम्ल वाढलेल्या गायी बघायला लागतात. मे महिन्यात हेच फणसाचे चारखंड आणि आंब्याच्या साली करतात. गाईला नैवेद्य दाखवा, एक मोदक भरवा. घमेलं नेऊ नका, आणि घरातल्या पोरांनाही तसं बजावून ठेवा.

व्याल्यावर वार बारा तासांत पडायला हवी. अडकली तर ओढू नका, दगड बांधू नका, डॉक्टरांना कळवा. वार अडकलेली, गर्भाशयाला सूज आलेली, किंवा दुधी ताप (व्याल्यावर कॅल्शियम उतरून गाय ढेपाळते तो आजार) येऊन गेलेली गाय पोट सरकण्याच्या वाटेवर निम्मी पोचलेली असते. पहिले तीन आठवडे रोज तिचं दूध मापून लिहून ठेवा आणि दर चार दिवसांनी मूत्रावर कीटोनची पट्टी बुडवा, माणसांच्या मधुमेहासाठी औषधाच्या दुकानात मिळते तीच. रंग जांभळा व्हायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दूध उतरण्याच्या दोन-तीन दिवस आधी पट्टी सांगून जाते.

गोठ्याचंही थोडं बघा. गाभण गाईला वेगळी गव्हाण द्या, नाहीतर शेजारची दांडगी गाय तिचा चारा ओढते आणि आपल्याला वाटतं हिनेच संपवला. सकाळ-संध्याकाळ तासभर अंगणात सोडा. खाली ओल असेल तर खूर सडतात, आणि पाय दुखणारी गाय गव्हाणीशी उभी राहत नाही.

आज रात्री झोपण्यापूर्वी तिच्या गव्हाणीत मोजून पाच किलो पेंढा टाका आणि पहाटे किती उरला ते बघा. मूठ-दोन मूठ उरलेला असला तर तिचं पोट भरलंय. गव्हाण चाटून साफ असेल तर उद्या सहा टाका. जवळजवळ सगळा तसाच पडला असेल तर सकाळीच डॉक्टरांना बोलवा, ते पहिल्या गाईच्या ऑपरेशनला येतील तेव्हा हिच्याही कुशीला एकदा टिचकी मारून घ्या.